हॉर्न ऐकू येईल तिथपर्यंत

खाटेला हॉर्न बसवायची कल्पना माझ्या दिरांची. आमची जीप विकायला काढली आणि घेणारा माणूस अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा दिरांनी बॉनेट उघडून हॉर्न काढून घेतला. तो माणूस म्हणाला, "हॉर्नशिवाय गाडी नेऊ कशी?" दीर म्हणाले, "चारोटीला दुसरा बसवून घे. हा आम्हाला लागणार आहे."

मला वाटलं, भावाची आठवण म्हणून ठेवत असतील. पण संध्याकाळी ते एक जुनी बॅटरी, वायर आणि दाराच्या बेलचं बटण घेऊन आले. बॅटरी खाटेखाली सरकवली, हॉर्न आतल्या भिंतीला बांधला आणि बटण ह्यांच्या डाव्या हाताजवळ खाटेच्या दांडीला बसवलं. ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, उजवा हात आणि उजवा पाय गेलेला होता.

"दादा, दाब," दीर म्हणाले.

ह्यांनी दाबलं. फडताळातली भांडी थरथरली, अंगणातल्या कोंबड्या उडाल्या आणि बांधापलीकडून कोणीतरी ओरडलं, "अरे, गाडी विकली ना तुम्ही?"

सगळे हसले. हेसुद्धा अर्ध्या तोंडाने हसले. मलाच तेवढं हसू आलं नाही. आता मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती.

ह्यांना झटका आला तो चारोटीच्या नाक्यावर. नवरात्र संपत आलं होतं. डहाणूची सवारी भरायची वाट बघत हे स्टेअरिंगवर बसले होते. चहावाल्याने ग्लास पुढे केला, तर ह्यांचा हात उचलेना. तोंड वाकडं झालं, जीभ अडखळायला लागली. नाक्यावरच्या लोकांना आधी मस्करी वाटली, कारण हे तिथले नावाजलेले नकलाकार. पोलीसपाटलाची, मास्तरांची, तिकिटाच्या पैशांवरून घासाघीस करणाऱ्या म्हाताऱ्यांची, सगळ्यांची नक्कल करायचे. लोक हसत राहिले आणि हे सीटवरून खाली घसरले.

वापीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बोलणं गेलेलं होतं. मागे एकच शब्द राहिला, "चल". पाणी हवं असलं तरी चल, पाठ दुखत असली तरी चल, जेवण नको असलं तरी चल. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द तोंडात राहतो आणि बाकीचे सापडत नाहीत, पण त्यांना सगळं कळतं. सगळं कळतं, हेच मला जड गेलं. आयुष्यभर लोकांना इकडून तिकडे नेलेला माणूस खाटेवर पडून मला दिवसभर "चल" म्हणायचा आणि आम्ही दोघं कुठेच जात नव्हतो.

मी मुळात डहाणूच्या किनाऱ्यावरची. वडील बोटीवर जायचे, आई सुकी मासळी विकायची. आमच्या वस्तीत घराला घर लागून, मध्ये जी जागा उरेल तिथे बांबू बांधून बोंबील वाळत घातलेले. झाडाला जागाच नव्हती. तुळस होती तीही तेलाच्या डब्यात. दहावी झाल्यावर मी आईबरोबर कासा, चारोटीच्या बाजाराला जायला लागले. बाकीचे जीपवाले सुकटीचा वास येतो म्हणून आम्हाला पार मागे कोंबायचे. ह्यांनी मात्र आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि मागे कुरकुरणाऱ्यांना म्हणाले, "वास कसला? रात्री घरी जाऊन हेच खाणार ना?" आई त्या दिवशी घरी जाईपर्यंत हसत होती. माझं काय झालं ते मी आईला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

लग्नाला दोन्ही घरांचा नकार होता. ह्यांची माणसं शेतकरी, भात-नाचणीवाली, पिढ्यानपिढ्या रानशेत गावची. त्यांना दर्यावरची सून कशी चालणार, आणि आमच्याकडच्यांना डोंगराकडचा जावई. मुलगी झाली तेव्हा कुठे जाणं-येणं सुरू झालं. पण मला सगळ्यात जड गेली ती तिथली पहिली सकाळ. दार उघडलं आणि समोर झाडी, झाडीमागे टेकडी. माहेरी दार उघडलं की नजरेला अडवायला काही नसायचं. इथे माझा जीव कोंडायला लागला. ह्यांना ते न सांगता कळलं. मधून मधून डहाणूच्या फेरीला मला शेजारी बसवायचे, किनाऱ्यावर उतरवायचे आणि परतीच्या फेरीला घेऊन जायचे. बाकीच्या संध्याकाळी घरी आल्यावर रस्त्यावरचा अख्खा दिवस नकला करून सांगायचे. त्यामुळे मी रानशेतला राहत असले तरी माझं घर मला चारोटीपासून डहाणूपर्यंत पसरलेलं वाटायचं.

हे पडले आणि ते घर एका खोलीएवढं झालं.

मी अंगणवाडीत मदतनीस होते, ते काम सोडलं. शेत दीर बघायचे. मुलगी तलासरीला खोली घेऊन राहते आणि तिथून उमरगावच्या एका कारखान्याच्या ऑफिसात जाते. तिचा पगार होता म्हणून चुलीची काळजी नव्हती. काळजी होती ती हॉर्नची. भाकरी तव्यावर टाकली की पों. अंगावर पाण्याचा तांब्या घेतला की पों. गावातल्या सगळ्यांना आमच्या घरात कधी काय लागतं ते कळायला लागलं. पोरं शाळेत जाताना हॉर्नची नक्कल करायची. मी धावत जायचे, तर कधी उशी घसरलेली असायची, कधी माशी बसलेली असायची, आणि कधी काहीच नसायचं. हे नुसते माझ्याकडे बघायचे. एकटं वाटलं म्हणून दाबलेलं असायचं.

थंडी सुरू झाली तेव्हा माझी धाकटी जाऊ एका सकाळी येऊन म्हणाली, "ताई, आरशात तोंड बघितलंत का? जा, जरा बाहेर फिरून या. दादांजवळ मी बसते."

"ते हॉर्न वाजवतील."

"वाजवू देत. ऐकू येईल तिथपर्यंतच जा."

मग मी तशीच जायला लागले. घरामागून बांधाबांधाने उतरलं की कालवा लागतो. आमच्याकडून तिकडे वारा असला तर हॉर्न कालव्यापर्यंत यायचा, वारा उलटा असला तर वाटेतल्या आंब्याच्या झाडापर्यंतच. म्हणून निघायच्या आधी मी वाऱ्याचा अंदाज घ्यायचे. खुंट्याला बांधलेली शेळी दोर पुरेल तेवढ्यातच चरते, तशी मी चरत होते. सुरुवातीला तर मी काही बघतही नव्हते. कान मागे, पाय पुढे, एवढंच.

एका सकाळी कालव्याच्या कडेला एक काळापांढरा पक्षी शेपटी वरखाली करत चालताना दिसला. पाच पावलं धावायचा, थांबायचा, शेपूट आपटायचा, परत धावायचा. एवढी घाई कशाची म्हणून मी बघत राहिले. किनाऱ्यावरचे पक्षी मला लहानपणापासून ओळखीचे, पण वीस-पंचवीस वर्षं रानशेतला काढूनही इथला कावळा, चिमणी, भारद्वाज सोडून मला एकाही पक्ष्याचं नाव येत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून मुलीला पाठवला. दुपारी तिचं उत्तर आलं, "आई, हा धोबी. थंडीत येतो, खूप लांबून."

पुढच्या खेपेला तिने माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. पक्ष्याचा आवाज ऐकवला की ते नाव सांगतं. नाव इंग्रजीत यायचं, मग मुलगी मराठी नाव शोधून पाठवायची. हळद्या, तांबट, वेडा राघू, खंड्या. एकदा रेकॉर्डिंग चालू असताना घराकडून हॉर्न वाजला. ॲप बराच वेळ विचार करत राहिलं आणि गप्प बसलं. मी एकटीच कालव्यावर खळखळून हसले आणि हसता हसता घराकडे पळाले.

घरी आले की ह्यांना सांगायचे, आज काय दिसलं. पूर्वी ते सांगायचे आणि मी ऐकायचे, आता उलटं करू असं मला वाटलं होतं. पण मी सुरू केलं की हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. एके दिवशी खंड्या पाण्यात कसा सूर मारतो ते मी हात करून दाखवत होते, तर ह्यांनी डाव्या हाताने चादर ओढून तोंडावर घेतली.

मला राग आला. "मी काय मजा मारायला जाते का? एवढंसं फिरते, तेही हॉर्न ऐकत!"

चादरीच्या आतून आवाज आला, "चल! चल! चल!"

मी मागच्या दाराने बाहेर पडले. बाहेर पडून जाणार कुठे? जाऊ शेतात गेलेली, म्हणजे अंगणाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. पडवीत कुदळ होती. ह्यांच्या खिडकीखाली, जिथे ह्यांच्या आंघोळीचं पाणी जाऊन चिखल व्हायचा, तिथे मी खणत सुटले. काही लावायचं म्हणून नव्हे. हातांना काहीतरी हवं होतं. खणता खणता पाहिलं तर त्या चिखलात टोमॅटोची रोपं उगवलेली होती. मी फेकलेल्या खरकट्यातून आलेली. कोणी न लावलेली, दोन दोन पानांची. तेवढी बाजूला ठेवून मी बाकीची जमीन उकरली. मान वर केली तेव्हा हे खिडकीच्या गजांमधून माझ्याकडे बघत होते. चादर तोंडावरून निघालेली होती.

"काय बघताय?" मी म्हटलं. "बाग करतेय."

तोवर मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

जावेने माठ-मुळ्याचं बी दिलं, वांग्याची आणि मिरचीची रोपं दिली. खिडकीच्या बाजूला जास्वंदीची फांदी खोचून दिली आणि कपडे वाळत घालायच्या तारेवर गोकर्णीचा वेल चढवून दिला. ती शेतकऱ्याची लेक. मी माती हातात धरून विचारायचे, "ही ओली आहे की कोरडी?" ती म्हणायची, "ताई, तुम्ही बोंबील वाळला की नाही ते कसं ओळखता? तसंच." मुळा पहिल्यांदा उपटला तेव्हा मी तो धुवून ह्यांना दाखवायला नेला. ह्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि पानासकट एक घास घेतला. तिखट लागला असावा, डोळ्यांत पाणी आलं.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. त्या सुमारास एका सकाळी मी बागेत पाणी घालून, भाकऱ्या करून, कपडे धुवून मोकळी झाले आणि एकदम लक्षात आलं की सकाळपासून हॉर्न वाजलेला नाही.  हातातली बादली टाकून आत धावले. हे डोळे उघडे ठेवून पडलेले, अजिबात हालचाल नाही. मी किंचाळणार, तेवढ्यात ह्यांनी डावा हात उचलून ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट खिडकीकडे केलं.

खिडकीबाहेर तारेवरच्या वाळक्या वेलाला काहीतरी लोंबत होतं. कचऱ्याचा पुंजका म्हणून मी रोज तिथेच कपडे वाळत घालत होते. एक पिवळसर, अंगठ्याएवढी चिमुकली पाखरी आली, चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन. ते पुंजक्याला गुंडाळलं आणि भुर्र गेली. परत आली, गवताची काडी घेऊन. शिंजीर पक्ष्याची मादी. नर तेवढा जास्वंदीवर बसून निळाजांभळा चमकत होता, काम सगळं मादी करत होती.

ह्यांनी बटणाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि मान हलवली. हॉर्न वाजवला तर ती पळेल. म्हणून सकाळपासून तहान लागली तरी तसेच पडून राहिले होते. ओठ कोरडे पडले होते.

त्या दिवसापासून हॉर्न बंद. पिल्लं होऊन उडेपर्यंत तो वाजवायचा नाही, असं आम्ही ठरवलं. ठरवलं म्हणजे मी बोलले आणि ह्यांनी मान हलवली. जावेला वाटलं, ताई सुटल्या. मलाही पहिले एक-दोन दिवस तसंच वाटलं. पण हॉर्न वाजत होता तोवर तो वाजला नाही की सगळं ठीक, हे तरी कळायचं. आता काहीच कळेना. कालव्यावर गेले की वाटायचं, ह्यांना ठसका लागला असेल, हे खाटेवरून पडले असतील. अर्ध्या वाटेतून परत यायचे. शेवटी जाणंच सोडलं. आम्ही टॉवेलाची खूण केली. काही लागलं की हे डाव्या हाताने टॉवेल गजावर टाकायचे. म्हणजे मला सतत खिडकी दिसेल अशाच जागी राहायला हवं. आधी कान हॉर्नला बांधलेले होते, आता डोळे खिडकीला बांधले गेले. माझ्या पावलांना बाग तेवढी उरली, पंधरा पावलं जायचं आणि पंधरा यायचं.

तिथेच बसून मी बघायला शिकले, हे मात्र खरं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मादी अंड्यांवर बसली की घरट्याच्या दारातून तिची वाकडी चोच तेवढी बाहेर दिसायची. हे आतून बघायचे, मी बाहेरून. आमच्या दोघांच्या मध्ये ती. कधी कधी ती उडाली की आम्ही एकदमच एकमेकांकडे बघायचो. लग्नाच्या आधी जीपच्या आरशातून बघायचो तसं काहीसं. मग मला लाज वाटायची आणि मी वांग्यांच्या मुळाशी माती ओढायला लागायचे.

पिल्लं झाली. दोन उघड्या चोची दिसायला लागल्या. आणि एका दुपारी, मी एका कळशीपुरती विहिरीवर गेले असताना, हॉर्न वाजला. एकदा नाही, थांबेचना. मी कळशी तिथेच टाकली आणि पळाले. मागून जाऊ पळाली. खिडकीसमोर येऊन बघते तर तारेजवळच्या फांदीवर भारद्वाज. तांबडे पंख पसरून, घरट्याच्या दिशेने मान लांब केलेला. आमच्याकडे भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार म्हणून हात जोडतात. मी त्याच्यावर पायातली चप्पल फेकली. आतून हॉर्न कर्कश वाजतच होता आणि हे सगळा जीव एकवटून ओरडत होते, "चल! चल! चल!"

भारद्वाज जडपणे उडाला आणि बांबूत शिरला. मी आत गेले. ह्यांचा चेहरा घामाने भिजला होता, बटणावरचं बोट निघत नव्हतं. मी ते सोडवलं. जाऊ दारात धापा टाकत उभी होती. ती म्हणाली, "दादा, आज बरोबर बोललात की!" आणि खरंच, झटका आल्यापासून तो शब्द पहिल्यांदा नेमक्या जागी पडला होता. हे हसले, मग रडायला लागले, मग दोन्ही एकदम.

पिल्लं उडाली तेव्हा मी नव्हते. रेशनच्या दुकानातून परत आले तर घरटं रिकामं. मी हिरमुसले. तेव्हा ह्यांनी माझा पदर धरून मला खाटेवर बसवलं. डावा पंजा उचलला. चार बोटं मिटून अंगठा बाहेर काढला, तो अंगठा इकडे बघतोय, तिकडे बघतोय, खाली बघून घाबरतोय, आत जातोय. अर्ध्या चेहऱ्यावर ती पिल्लाची भीती हुबेहूब. मग पंजा थरथरत उघडला, हेलपाटला, आदळता आदळता वाचला आणि गजावर जाऊन बसला. मी पोट धरून हसले. नाक्यावरचा माझा माणूस मला बऱ्याच महिन्यांनी दिसला होता. त्यानंतर मी बाहेरचं सांगायचे आणि हे खिडकीतलं करून दाखवायचे. मी सांगताना ह्यांनी परत कधी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही.

इथेच सगळं गोड झालं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. पण पाऊस आला. पावसात हॉर्न कुंपणापलीकडे ऐकू येत नाही. खिडकी लावून घ्यावी लागायची, बागेत चिखल, वांग्यांना कीड, टोमॅटो कुजले. दीर-जाऊ दिवसभर लावणीला, मग तणाच्या बेणणीला. ओल्या हवेत ह्यांची पाठ सोलवटली. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, पुसायचं, मलम लावायचं, चादरी धुवायच्या आणि त्या वाळायच्या नाहीत. चार भिंती, चुलीचा धूर आणि पों. काही दिवस मी हॉर्न वाजला की उठायच्या आधी डोळे मिटून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, आता उठायचं आहे. एवढ्यासाठीही स्वतःला सांगावं लागायचं. त्या महिन्यांत मला पक्षी आठवलेही नाहीत. नंतर जाऊ म्हणाली, पडवीच्या वाश्यावर दयाळ रोज येऊन बसायचा. मी नाही बघितला.

दिवाळीला मुलगी आली. आल्या आल्या तिने माझे हात हातात घेतले आणि सोडेचना.

"आई, उद्या तू जा."

"कुठे?"

"कुठेही. सकाळी जा, संध्याकाळी ये."

"अगं, हॉर्न..."

"मला ऐकू येतो, आई. मी बहिरी नाही."

डहाणूला माहेरी गेले असते तर भाऊ, भावजय, शेजारणी, सगळ्यांना ह्यांचं कसं काय ते सांगत बसावं लागलं असतं. म्हणून मी डहाणूला बस बदलून बोर्डीला गेले. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. भरती ओसरत होती. सुरूच्या झाडांखाली चप्पल काढून बसले. ओल्या वाळूवर चिखले पक्षी धावत होते, थांबत होते, टोचून बघत होते. आधी मला वाटलं, त्यांना नीट बघू, घरी सांगायला होतील. मग लाटांचा आवाज कानात भरला. त्या आवाजात काहीच ऐकू आलं नसतं, हॉर्नही नाही. आणि मी झोपले. उशाला पिशवी घेऊन, वाळूत, दिवसाढवळ्या.

कोणीतरी खांद्याला हात लावला. चिकू विकणारी बाई होती. ऊन कलायला लागलं होतं.

"बाई, बरं नाही का तुम्हाला?"

"नाही, झोप लागली."

"अशी ऊन कलेपर्यंत? घरी झोपायला मिळत नाही का?"

"नाही मिळत," मी म्हटलं.

 पाटी खाली ठेवून ती माझ्याजवळ बसली आणि एक पिकलेला चिकू फोडून अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. आम्ही दोघींनी बिया वाळूत टाकल्या. मग ती उठून गेली. तिचा चेहरा आता मला आठवत नाही, पण कोणाचे उपकार आठवायचे म्हटलं की मुलीनंतर ती आठवते. उठवायच्या आधी शेजारी बसून तिने मला पुष्कळ वेळ झोपू दिलं असणार. पाटीची खूण माझ्या शेजारच्या वाळूत आधीच उमटलेली होती.

घरी पोहोचले तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबांनी सकाळी बऱ्याचदा हॉर्न वाजवला. मी गेले की मान फिरवायचे. तू हवी होतीस. दुपारी मात्र जेवले." ऐकून पाय परत बांधले गेले. तरीही अंग हलकं होतं. ह्यांच्या खाटेवर बसून मी चिखल्यांचं धावणं हाताने करून दाखवलं. ह्यांनी माझा हात धरून दुरुस्त केला. थांबताना मान कशी वर करायची ते मला जमत नव्हतं.

आता मुलगी महिन्यातून एका रविवारी तलासरीहून येते आणि मी जाते. बाकीचे दिवस हॉर्नचे. ह्यांच्या तब्येतीत यापुढे फार फरक पडेल असं कोणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

भात कापून झाल्यावर आम्ही दोघी जावा शेतात वाल पेरत होतो, घराजवळच्या तुकड्यात, ऐकू येईल एवढ्यावर. मी तिला बोर्डीचं सांगत होते. ती खाली बघतच म्हणाली, "ताई, मला पण न्याल एकदा?"

"मग इकडचं सगळं कोण बघणार?" माझ्या तोंडून गेलं, आणि बोलताना मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते. वर्षभर ही बाई माझ्या जागी बसत होती. सासरी आल्यापासून ती शेत, गोठा, बाजार सोडून कुठे गेलेली मला आठवेना. डहाणूलाही गेली असेल तर ती दवाखान्यापुरती.

"तू जा," मी म्हटलं. "पोरीबरोबर जा. तुझं घर, माझं घर, दोन्हीकडे मी बघते."

"गुरांचं?"

"तेही बघते. दूध काढायला नाही येत, ते भावजी काढतील."

तिने लग्नातली हिरवी साडी नेसली. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेतली. निघताना तीन वेळा परत येऊन मला चुलीजवळची एकेक गोष्ट सांगून गेली. त्या दिवशी मी दोन घरांची भांडी घासली, दोन घरांचं पाणी भरलं, आणि मध्ये मध्ये हॉर्नला धावले.

संध्याकाळी त्या दोघी बसमधून उतरल्या, तर जाऊ अनवाणी. साडी गुडघ्यापर्यंत ओली, केसात वाळू.

"चप्पल कुठे गं?"

"एक गेली, ताई!" ती हसत सुटली. "काठावर काढून ठेवली होती. पाणी आलं आणि घेऊन गेलं. मी मागे धावले तर अजून आत गेली. मग म्हटलं, जाऊ दे. एक घरी आणून काय करू? दुसरीपण दिली टाकून."

दीर ओट्यावरून म्हणाले, "नवी होती ना?"

"होती," ती म्हणाली आणि हसतच पाय धुवायला मागे गेली.